जोडपानावरची ओवी

(बी. ए. द्वितीय वर्ष)

कोणत्याही महाविद्यालयाचा वार्षिकांक उघडावा, त्याची पाने साधारणतः एकाच रीतीने भरलेली दिसतात. वर शीर्षक, त्याखाली लेखकाचे नाव व वर्ग, मग मजकूर. मजकूर संपून चार बोटे जागा उरलीच तर तिथे एखादे सुवचन किंवा पणतीचे चित्र. कविता असेल तर तिच्याभोवती वेलबुट्टीची चौकट. शोकगीत असो की विडंबन, चौकट तीच आणि टंकही तोच. अशा पानाला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. ते वाचता येते, आणि वाचता येणे हा छापील पानाचा पहिला धर्म आहे. परंतु मजकूर जे सांगतो त्याला अक्षरांच्या आकाराने, जागेने आणि मोकळ्या कागदाने हातभार लावता येतो की नाही? यंदा संपादक मंडळात काम करताना हा प्रश्न मला पडला, आणि पोखर्णीच्या ओव्यांची दोन पाने मांडताना त्याचे थोडेफार उत्तर हाती आले. ते गुरुजनांपुढे व विद्यार्थिमित्रांपुढे ठेवते.

अंक उघडल्यावर डावे व उजवे अशी जी दोन पाने एकदम नजरेसमोर येतात, त्यांना मी येथे जोडपान म्हटले आहे. आपण ती दोन वेगळी पाने समजून भरतो; डोळा मात्र त्यांना एकच पट समजतो. फ्रेंच कवी स्तेफान मालार्मे याने 1897 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या एका दीर्घकवितेत लहानमोठ्या टंकांतील शब्द पानभर विखरून टाकले. तिच्या 1914 च्या आवृत्तीत तर ओळ डाव्या पानावर सुरू होऊन मधली घडी ओलांडून उजव्या पानावर जाते. अपोलिनेर या दुसऱ्या कवीने 1918 च्या संग्रहात पावसावरच्या कवितेची अक्षरे सरींसारखी खाली सोडली. नियतकालिकांच्या क्षेत्रात अलेक्सी ब्रोदोविच याचे नाव घेतले जाते. अमेरिकेतील 'हार्पर्स बाझार' या मासिकाची मांडणी तो 1934 पासून 1958 पर्यंत पाहत होता. छायाचित्र, मजकूर आणि कोरी जागा यांचे मिळून एक चित्र करावे, ही दृष्टी त्याने रूढ केली.

ही उदाहरणे मोठी खरी, पण ती सगळी रोमन लिपीतील आहेत. रोमन अक्षर जमिनीवर उभे असते, आपले अक्षर दोरीवरच्या धुण्यासारखे शिरोरेषेला लटकलेले असते. म्हणून तिकडचे नियम जसेच्या तसे उचलले की घोटाळा होतो. इंग्रजी शीर्षकात अक्षरे विरळ केली तर भारदस्तपणा येतो. मराठीत तसे केले की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार असल्यामुळे ओळींत अंतर जास्त लागते. कागद वाचवायला ते कमी केले की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. आपल्याकडे मोठी लिपी आणि छोटी लिपी असा भेद नाही, तेव्हा भर द्यायचा तो आकार, ठळकपणा आणि जागा यांच्याच बळावर. तिरका टंक म्हणून जो मिळतो तो बहुधा संगणकाने सरळ अक्षराला दिलेला धक्का असतो. आणि अपोलिनेरसारखा पाऊस पाडायचा म्हटले तर 'पाऊस' हा शब्द 'पा', 'ऊ', 'स' असाच तोडावा लागेल. काना आपल्या अक्षराला सोडून एकटा पडू शकत नाही. शिवाय प्रत्येक अक्षर आपापली शिरोरेषा डोक्यावर घेऊन खाली येणार. सरीऐवजी पायऱ्या दिसतील!

मराठी छपाईला ही अडचण जुनीच आहे. गणपत कृष्णाजींनी 1831 साली पंचांग छापले ते शिळाछापावर. शिळाछापात लिहिणाऱ्याच्या हाताची ओळ तशीच कागदावर उतरे. पुढे शिशाचे खिळे आले आणि जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने (1869) देखण्या, नेमक्या टंकांचा आदर्श घालून दिला. पण खिळ्यांत काना-मात्रा-जोडाक्षरांचा संसार एवढा मोठा की जुळाऱ्याचा निम्मा वेळ योग्य खिळा शोधण्यात जाई. टिळकांनीही 'केसरी'साठी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा खटाटोप केला होता. अशा जुळणीत अक्षराला हवे तसे वाकवणे शक्य नव्हते. म्हणून ज्या शीर्षकाला काही बोलायचे असे ते हाताने रेखाटून त्याचा ब्लॉक करीत.

या हाताच्या अक्षरांत कमल शेडगे (1935–2020) यांचे काम मला फार महत्त्वाचे वाटते. 'रायगडाला जेव्हा जाग येते'सारख्या कितीतरी मराठी नाटकांची नावे त्यांनी रेखाटली. नाटकाची वर्तमानपत्री जाहिरात ती केवढी, दोनचार इंचांची, काळी-पांढरी. तेवढ्या जागेत नाटक ऐतिहासिक की विनोदी, हे एकट्या अक्षराने सांगायचे. र. कृ. जोशी (1936–2008) यांची वाट वेगळी. ते कवी, सुलेखनकार आणि जाहिरात क्षेत्रातील कलादिग्दर्शक. साठीच्या दशकातील लघुनियतकालिकांच्या चळवळीत त्यांनी अक्षरांच्याच कविता केल्या. पुढे संगणकासाठी टंक घडवले. विंडोज 2000 बरोबर घरोघर पोहोचलेला 'मंगल' हा टंक त्यांच्याच हातचा. अक्षरांशी इतका खेळ करणाऱ्या माणसाने इतके साधे, निमूट अक्षर घडवावे याचे मला आधी नवल वाटले. मग वाटले, निमूट अक्षर कसे असते हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच ते बोलके कधी करावे हे कळत असणार.

उलट टोकाचे उदाहरणही आहे. 1994 साली अमेरिकेतील 'रे गन' मासिकात डेव्हिड कार्सन या मांडणीकाराने एक मुलाखत कंटाळवाणी वाटली म्हणून नुसत्या चिन्हांच्या टंकात जुळवली. एक अक्षर वाचता येऊ नये! याचे कौतुक खूप झाले. मला ते पटत नाही. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पुस्तके आहेत त्यांनी अवाचनीयतेची गंमत करावी. आमच्या घरात छापील अक्षर शाळेच्या पुस्तकाबरोबर पहिल्यांदा आले. वाचता येणारे अक्षर वाचता येऊ नये असे करणे, हा खेळ आम्हांला परवडणारा नाही. गावच्या रेल्वेस्थानकावरची पिवळी पाटी, तीवरची काळी ठसठशीत अक्षरे, चालत्या गाडीतूनही 'पोखर्णी' वाचता येते. माझ्या मते मांडणीचा पहिला धडा तो आहे. (ट्रॉलीच्या फळीवर पेंटरने काढलेले 'श्री नृसिंह प्रसन्न' हा दुसरा. आता तेही फ्लेक्सवर छापून येते, आणि सगळ्या ट्रॉल्यांची अक्षरे एका आईची लेकरे दिसू लागली आहेत.)

आता ओव्यांकडे वळते. आमच्या गावात गिरणी आली तेव्हापासून जाते कोपऱ्यात गेले. लग्नात हळदीच्या वेळी तेवढे ते पुजले जाते आणि म्हाताऱ्या बायका चार ओव्या म्हणतात. माझी आजी व तिच्या सोबतिणी, अशा सहा जणींकडून मी अकरा ओव्या उतरून घेतल्या. गंगाखेडच्या जनाबाईचा हा मुलूख; दळिता-कांडिता गाणे हे येथे नवे नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रभरच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि 2017 पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या प्रसिद्ध होत आहेत. आपल्या जिल्ह्यातील ताडकळसच्याही ओव्या त्यात आहेत. तिथे ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव दिलेले असते, ही गोष्ट मी मनाशी बांधली.

ओव्या छापायच्या कशा? नेहमीची रीत म्हणजे एकाखाली एक दोन ओळी, डावीकडे क्रमांक आणि वर जात्यावर बसलेल्या नऊवारीतल्या बाईचे तयार चित्र. संगणकावर अशी चित्रे ढिगाने मिळतात. त्या बाईच्या कपाळी घाम नसतो. एका मित्राने सुचवले की ओव्या गोलाकार जुळवाव्यात, जाते फिरल्यासारख्या. करून पाहिले. वाचायला अंक गरागरा फिरवावा लागतो, आणि वर्तुळाच्या खालच्या अर्ध्यात सगळे उकार डोक्यावर येतात. शिवाय जाते गोल आहे हे कोणाला सांगायचे आहे? ते दिसते. ऐकू येते ते दुसरेच: जात्याच्या दोन बाजूंना दोघी समोरासमोर बसतात, मध्ये खुंटा, एकीने ओळ सुरू करायची आणि दुसरीने ती उचलून धरायची.

जोडपानही असेच आहे. दोन बाजू समोरासमोर, मध्ये घडी. म्हणून ओवीची पहिली ओळ मी डाव्या पानावर घडीकडे सरकवून ठेवली आणि दुसरी उजव्या पानावर घडीपासून सुरू केली. पण वाचणारा डावे पान वरून खाली वाचत गेला तर? त्याला घडी ओलांडायला लावायचे कसे? बाण, टिंबे, क्रमांक हे सगळे उपाय बाहेरचे वाटले. मग ध्यानात आले की उपाय लिपीतच आहे. पहिल्या ओळीच्या शेवटच्या अक्षराची शिरोरेषा पुढे वाढवायची, घडीवरून न्यायची आणि उजव्या ओळीच्या पहिल्या अक्षराला भिडवायची. डोळा त्या रेघेवरून आपोआप पलीकडे जातो. रोमन लिपीत ही सोय नाही. रेघेची जाडी मात्र टंकाच्या शिरोरेषेइतकीच हवी. केसभर कमीजास्त झाली तर ती अक्षराची न राहता पट्टीने मारलेली रेघ दिसते.

यात छापखान्याची एक अडचण आली. अंकातील समोरासमोरची पाने बहुधा वेगवेगळ्या कागदांवर छापली जातात आणि घडी घालताना, शिवताना एकमेकांजवळ येतात. तेव्हा एका पानावरची रेघ दुसऱ्या पानावर दोन मिलिमीटर वर किंवा खाली जाऊ शकते. फक्त फर्म्याच्या मध्यावर, म्हणजे सोळा पानांच्या फर्म्यात 8 आणि 9 या पानांवर, दोन्ही पाने एकाच कागदावर सलग असतात. आपला अंक एकात एक घातलेल्या पानांचा, पाठीवर पिना मारलेला; त्यात अशी जागा एकच, अगदी मधली. आणि मधली पाने म्हणजे स्नेहसंमेलनाची रंगीत छायाचित्रे, पाहुण्यांच्या सत्कारासह. त्या जागेवरून मंडळात दोन बैठका झाल्या. "अकरा ओळींसाठी दोन पाने? तीन लेख बसतील तिथे," हा आक्षेप तर रास्तच होता, कारण कागद महाग आहे. माझे म्हणणे एवढेच होते की ओवीनंतरची कोरी जागा वाया गेलेली नाही. दोघी हात बदलतात तेवढा तो विसावा आहे. ज्या ओव्या बायकांनी एका दमात म्हटल्या त्या मी जवळजवळ ठेवल्या आहेत, जिथे थांबल्या तिथे अंतर सोडले आहे. शेवटी छायाचित्रे चार पाने मागे सरकली.

मुद्रिते आली तेव्हा आणखी एक गोष्ट घडलेली होती. अक्षरजुळणी करणाऱ्याने सद्‌हेतूनेच सगळे 'पानी' 'पाणी' केले होते, 'व्हतं'चे 'होते' केले होते. ते सारे मूळ रूपाला आणले. काहींनी सुचवले की बोलीतले शब्द निदान तिरक्या टंकात घ्यावेत, म्हणजे ते मुद्दाम आहेत हे कळेल. मी नको म्हटले. तिरके केले की ते शब्द क्षमा मागत उभे आहेत असे वाटते. गाताना मध्येच येणारे 'गं बाई' मात्र बारीक, फिक्या टंकात घेतले, कारण गातानाही ते श्वासाबरोबर हळूच येतात.

नावांचा प्रश्न सर्वांत अवघड निघाला. गावात या बायकांना अमक्याची आई, तमक्याची काकू म्हणूनच हाक मारतात. स्वतःचे नाव सांगताना एकजण लाजली, एकीने माहेरचे नाव सांगितले, एकजण म्हणाली की माझ्या लेकाचं नाव टाक. तिला दोनदा विचारले, तिसऱ्यांदा तिने आपले सांगितले. ही नावे मी तळाला बारीक टंकात न घेता कडेच्या समासात, ओवीच्याच आकाराच्या अक्षरांत ठेवली आहेत. गाणारीचे नाव गाण्यापेक्षा लहान का असावे, याचे कारण मला सापडले नाही.

मुद्रित आजीला दाखवले. तिला अक्षर येत नाही. तिने डाव्या पानावर बोट ठेवले, रेघेवरून सरकवत घडीपलीकडे नेले आणि म्हणाली, "ही रेघ कुठं चालली गं?" मी म्हटले, तुमच्या सोबतिणीकडे. ती काही बोलली नाही, पण बाकीच्या दहा रेघांवरूनही तिने बोट फिरवले.

अकराव्या ओवीची पहिलीच ओळ आजीला आठवते. भावाची गाडी नदीकाठी येऊन थांबली आहे आणि गोदावरीला पाणी चढले आहे, एवढे त्या ओळीत आहे. पुढे काय, ते तिला येत नाही आणि जी म्हणायची ती सोबतीण आता नाही. म्हणून त्या ठिकाणी शिरोरेषा घडी ओलांडून उजव्या पानावर गेली आहे आणि तिच्याखाली एकही अक्षर नाही. हा छपाईचा दोष समजू नये. गंगाखेड, पालम, सोनपेठ, पूर्णा या बाजूंच्या विद्यार्थिमित्रांनी मधले पान घरी नेऊन आपल्या आजीला ती पहिली ओळ वाचून दाखवावी. कोणाला दुसरी ओळ आठवली तर गाणारीच्या नावासह मला लिहून द्यावी. जागा राखून ठेवली आहे.