रिपोर्टावरचा बाण

हार्ट फेल्युअरच्या रुग्णाचा रक्ताचा रिपोर्ट बुलढाण्याजवळच्या देऊळघाटात आला, की डॉक्टरांच्या आधी तो घरचे वाचतात. एनटी-प्रोबीएनपीपुढे ४२०० छापलेलं, बाजूला वर तोंड केलेला बाण, शेजारच्या रकान्यात ‘१२५ पेक्षा कमी’. मग प्रश्न एकच उरतो : किती दिवस? मीही बराच काळ या आकड्याला तोच प्रश्न विचारत आलो. चूक त्या प्रश्नातच होती, असं आता माझं ठाम मत आहे. हृदयाचा खालचा कप्पा ताणला गेला की त्याचे स्नायू बीएनपी आणि त्याचा जोडतुकडा एनटी-प्रोबीएनपी रक्तात सोडतात. (१९८८ साली जपानी संशोधकांना बीएनपी आधी डुकराच्या मेंदूत सापडलं, म्हणून नावात ‘ब्रेन’ राहिलं, मेंदूचा यात काही दोष नाही.) म्हणजे आकडा मोजतो तो ताण. आकडे चढे असलेल्या शंभर जणांत मृत्यू जास्त होतात, हे खरंच. पण त्या शंभरांत आपला माणूस कुठे बसतो, ते कागद सांगत नाही. वय झालं, किडनी थकली, ठोके अनियमित झाले तरी आकडा चढतो. लठ्ठ माणसात तो फसवा कमी येतो. सॅक्युबिट्रिल-वल्सार्टनची गोळी चालू असेल तर बीएनपी त्या गोळीनेच वाढू शकतं, एनटी-प्रोबीएनपी तसं वाढत नाही. या दोन तपासण्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहणं म्हणजे किलो आणि लिटरची तुलना.

मग तपासणीवर पैसे घालायचेच कशाला? तुलनेसाठी. भरती होतानाच्या आकड्यापेक्षा घरी सोडतानाचा ३० टक्क्यांहून जास्त उतरला, तर ते चांगलं लक्षण. मात्र नुसत्या आकड्याच्या मागे धावूनही भागत नाही. २०१७ च्या ‘गाइड-इट’ चाचणीत तो १००० च्या खाली आणण्याच्या धोरणाने नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा झाला नाही. २०२२ च्या ‘स्ट्राँग-एचएफ’मध्ये घरी सोडल्यावर थोड्याच आठवड्यांत औषधांचे डोस भराभर वाढवले, आकडा फक्त लक्ष ठेवायला वापरला; १८० दिवसांत मृत्यू किंवा पुन्हा भरतीचं प्रमाण नेहमीच्या उपचारांतल्या २३.३ टक्क्यांच्या तुलनेत १५.२ टक्के राहिलं. पण औषधं मिळतात कुठे? आपल्या हार्ट फेल्युअरच्या राष्ट्रीय नोंदणीत ५३ रुग्णालयांतले १०,८५१ रुग्ण होते. हृदयाचं पंपिंग कमी झालेल्यांपैकी निम्म्याहून कमी लोकांना शिफारस केलेली औषधं मिळत होती. बाणापेक्षा मला भीती वाटते ती याची.

कोणी म्हणेल, शेताचा, लेकीच्या लग्नाचा निर्णय अडलाय, अंदाज तर हवाच. रास्त आहे. पण तो डॉक्टरांकडून घ्यावा, आणि असा विचारून : ‘वर्षभरात हे गेले, तर तुम्हाला नवल वाटेल का?’ जाताना मागचे सगळे रिपोर्ट एकाच फायलीत न्यावेत, शक्यतो एकाच लॅबचे. सोबत रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाआधी घेतलेल्या वजनाची वही. तीन दिवसांत दोन किलो वाढलं किंवा झोपताना एक उशी जास्त लागायला लागली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी बुलढाणा गाठावं.