‘टिंग्या’चा प्रश्न

सिनेमा म्हणजे नुसती करमणूक, असे धरून आपण त्याला अभ्यासात जागा देत नाही. तरीही या पंधरवड्याचा पाठ एका चित्रपटावर घेत आहे. मंगेश हाडवळे यांचा ‘टिंग्या’ २००८ साली पडद्यावर आला. तो मुलांसह घरातल्या सर्वांनी पाहावा.

कथा जुन्नरकडची. टिंग्या सात वर्षांचा, आणि घरचा बैल चितंग्या त्याचा सोबती. बिबट्यासाठी केलेल्या खड्ड्यात बैल पडतो व जायबंदी होतो. शेतीची कामे तोंडावर आलेली, हातात पैसा नाही. बाप कारभारी ठरवतो की, बैल खाटकाला द्यायचा आणि दुसरा आणायचा. हा बाप दुष्ट नाही, हे मुलांना आवर्जून सांगा. ऐन हंगामात बैल बसला की घराचे काय होते, हे राळेगावच्या कापूसवाल्यांना दुसऱ्याने सांगायला नको.

याच सुमारास शेजारच्या रशिदाची नानी आजारी पडते. तिला वाचविण्यासाठी सगळे धडपडतात. टिंग्याला कळत नाही : म्हाताऱ्या नानीला औषध, मग माझ्या चितंग्यालाच खाटीक का? मोठ्या माणसांजवळ उत्तर नसते.

पहिले शील आपण रोज म्हणतो. त्याचा अर्थ ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी नीट उलगडला आहे. मारण्याची इच्छा वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी, हा भेद ते करतात. करुणा माणसांपुरती, मैत्री मात्र सर्व प्राणिमात्रांसाठी, असेही सांगतात. आता कारभारीला या मापाने मोजा. त्याच्याजवळ इच्छा नाही, गरज आहे. आणि ती गरज त्याच्यावर लादली कोणी, हे विचारल्याशिवाय पाठ पुरा होत नाही. २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. खाटकाची वाट बंद झाली. पण निकामी बैलाचा चारा आणि नव्या जोडीदाराची किंमत यांची सोय त्या कायद्याने लावून दिली नाही.

आपल्या घरांची गोष्ट आणखी निराळी. आपल्या आजोबांच्या दावणीला जिवंत बैल क्वचितच असे. मेला की तो ओढायला मात्र गावाचे बोलावणे येई. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडा, असे बजावले. त्यांची पणतवंडे आज बैलाच्या मानेला मिठी मारणारा मुलगा पाहतील, तेव्हा त्यांना हा इतिहासही सांगावा. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल ओढणाऱ्या पोराला तो लवकर समजतो, असा माझा वर्गातला अनुभव आहे.

टिंग्याचे काम करणाऱ्या शरद गोयेकरला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बोली जुन्नरकडची असल्याने आपल्या मुलांना आधी थोडी अडेल. मग कान रुळतो. शेवट त्यांना आधी सांगू नका. नानी आणि चितंग्या यांचा प्रश्न त्यांनाच विचारा, आणि उत्तराची घाई करू नका.