दवबिंदूला खत नको, पावसाचे पाणी हवे

हंगामी सल्ला : जून ते नोव्हेंबर

शेणखताची मूठ घातली की मरणारे झाड म्हणजे दवबिंदू, अर्थात ड्रॉसेरा. कोकणातल्या कातळसड्यांवर आणि कास पठारावर पावसाळ्यात तो दिसतो. तिथे मातीचा थर जेमतेम आणि त्यात नत्र अगदी कमी. ही उणीव तो पानांवरच्या चिकट थेंबांत अडकलेल्या किड्यांवर भागवतो. त्यामुळे लागवड करताना शेतीतल्या नेहमीच्या सवयी बाजूला ठेवाव्या लागतात.

जातीची निवड : ड्रॉसेरा बर्मानी जमिनीलगत पसरतो, ड्रॉसेरा इंडिका उभट वाढतो. दोन्ही आपल्याकडच्या, पण बहुधा एका हंगामाच्या. दक्षिण आफ्रिकेतला ड्रॉसेरा कॅपेन्सिस बहुवर्षायू आहे. त्याला कडक उन्हाळ्यात दुपारची सावली द्यावी.

माध्यम : पीट मॉस आणि परलाइट किंवा धुतलेली सिलिका वाळू समप्रमाणात घ्यावी. काळी माती, गांडूळखत आणि समुद्राची वाळू टाळावी. कोकोपीटमध्ये क्षार असतात. वापरायचेच तर अनेक पाण्यांतून धुऊन घ्यावे. कुंडी प्लास्टिकची असावी.

पाणी : बोअर किंवा नळाचे पाणी देऊ नये. पहिल्या सरींनी छप्पर धुऊन निघाले की पावसाचे पाणी झाकणाच्या पिंपात साठवावे. पुढे तेच कामी येते. ते नसेल तर डिस्टिल्ड किंवा आरओचे पाणी चालते, मात्र टीडीएस ५० पीपीएमच्या आत असावा. कुंडी ताटलीत ठेवून ताटलीत १ ते २ सेंमी पाणी राखावे.

पेरणी : बी धुळीसारखे बारीक असते. दुमडलेल्या कागदावरून ते ओल्या माध्यमावर पसरावे आणि वर माती लोटू नये, कारण उगवणीला उजेड लागतो. पावसाचा मारा बसणार नाही अशा, पण भरपूर उजेडाच्या जागी कुंडी ठेवावी. रोपे स्थिरावली की हळूहळू उन्हात आणावीत.

देखभाल : मटणाचा तुकडा किंवा पनीर पानावर ठेवू नये, पान कुजते. उघड्यावरच्या रोपाला चिलटे पुरतात. मावा पडल्यास फवारणीऐवजी कुंडी एक-दोन दिवस पावसाच्या पाण्यात बुडवून ठेवावी.

बी धरणे : पावसाळा सरल्यावर बोंडे तपकिरी झाली की बी काढून कागदी पुडीत, कोरड्या व थंड जागी ठेवावे. त्यानंतर एकवर्षायू रोप वाळते, तो रोग नव्हे.

रोपे कुठून आणावीत : बी किंवा ऊतिसंवर्धनातून वाढवलेली रोपेच घ्यावीत, विक्रेत्याला उगम विचारावा. परदेशातून बी-रोपे मागवताना २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाचे नियम पाळावेत.

सड्यावरचे रोप मात्र उपटू नये. ते घरी क्वचितच जगते, आणि बी पडण्याआधी उपटले तर पुढच्या पावसाळ्यात त्या कातळावर उगवायला त्याचे काहीच उरत नाही.