मशीनचा शेक घेण्याआधी

कंबर धरली, खांदा आखडला की आपण आधी बाम चोळतो, मग दुखीची गोळी घेतो आणि शेवटी फिजिओथेरपीच्या दवाखान्यात जातो. तिथे "दहा दिवस मशीन लावा" असे सांगितले जाते. आमच्या वस्तीतल्या एक मावशी चार घरची धुणीभांडी करतात. कंबरेसाठी त्यांनी दहा दिवस मशीन लावून घेतले. रोज दोन घरांचे काम बुडाले, मशीनचे पैसे वेगळे. कंबर होती तशीच राहिली. त्या दहा दिवसांत त्यांना एकही व्यायाम कोणी शिकवला नाही. म्हणून या वेळी आपण हे मशीन समजून घेऊ.

हे मशीन करते काय?
याचे नाव अल्ट्रासाऊंड. सोनोग्राफीत वापरतात त्याच जातीच्या, कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी यात असतात. सोनोग्राफीत आतले चित्र दिसते. इथे चित्र दिसत नाही. लहरींनी आतल्या भागाला थोडी ऊब दिली जाते. १ मेगाहर्ट्झच्या लहरी साधारण ३ ते ५ सेंटीमीटर खोल जातात, ३ मेगाहर्ट्झच्या वरच्या १-२ सेंटीमीटरपर्यंतच. म्हणून दुखणे कुठे आणि किती खोल आहे हे हाताने तपासल्याशिवाय मशीन लावणे म्हणजे अंदाजाचा कारभार.

लावण्याची योग्य रीत
कातडीवर जेल लावलेच पाहिजे, कारण मध्ये हवा राहिली तर लहरी आत जात नाहीत. मशीनचा गोल भाग सतत हळूहळू फिरवत ठेवावा लागतो. एकाच जागी धरला तर आत भाजू शकते, विशेषतः हाडाजवळ. एका वेळी साधारण ५ ते १० मिनिटे पुरतात. तुम्हाला हलकी ऊब वाटेल किंवा काहीच वाटणार नाही. चटका बसला किंवा आत हाडात कळ आली तर लगेच "थांबा" म्हणा. सोसले तरच गुण येतो, ही समजूत चुकीची आहे.

कोणी आधी सांगायचे?
पुढीलपैकी काही असेल तर न विचारताही सांगा:
– गरोदर असाल किंवा पाळी चुकली असेल. पोटावर आणि कंबरेवर हे मशीन लावू नये.
– कॅन्सर आहे, होता, किंवा न तपासलेली गाठ आहे.
– पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी आहे किंवा पोटरी अचानक सुजून दुखते आहे.
– हृदयाला पेसमेकर बसवला आहे.
– दुखऱ्या जागी पू, जखम किंवा रक्तस्राव आहे.
– सांधा बदलण्याचे ऑपरेशन झाले आहे.
– शुगरमुळे किंवा कुष्ठरोगामुळे ती जागा बधिर आहे. चटका कळलाच नाही तर तुम्ही "थांबा" म्हणणार कसे?
डोळ्यांवर हे मशीन कधीच लावू नये. वाढत्या वयाच्या मुलांच्या हाडांच्या टोकांवरही ते टाळावे.

फायदा किती?
खांद्याच्या शिरेत चुना साठून होणाऱ्या दुखण्यात काही काळ आराम पडतो, असे १९९९ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात दिसले. कंबरदुखीचे मात्र वेगळे आहे. इंग्लंडच्या नाइस या सरकारी आरोग्य संस्थेने २०१६ साली आपल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगितले, की कंबरदुखीला अल्ट्रासाऊंड देऊ नका, व्यायाम सुचवा. मशीनखाली आपण नुसते पडून असतो. कंबरेला ताकद येते ती आपण स्वतः केलेल्या व्यायामाने, आणि तो घरी फुकट करता येतो.

पैसे भरण्याआधी विचारा
१. मला नेमके काय झाले आहे?
२. मशीन कशासाठी आणि किती वेळा?
३. घरी कोणते व्यायाम करू?
४. तीन-चार वेळा लावून फरक नाही पडला तर पुढे काय?
५. मशीन लावणारी व्यक्ती फिजिओथेरपीची पदवी घेतलेली आहे का?
विचारायला लाजू नका. घरातली शिकलेली मुलगी किंवा मुलगा सोबत न्या. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात फिजिओथेरपी विभाग असतो, तिथेही दाखवता येते.

कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा नकळत झाली, पायातली ताकद गेली, दोन्ही मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, तर मशीनच्या नादी लागू नका. त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. ताप येत असेल किंवा वजन उतरत असेल तरी आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या.

मावशी आता सरकारी रुग्णालयात शिकवलेले तीन व्यायाम सकाळी पाणी भरण्याआधी करतात. कंबर पूर्ण बरी झाली असे आम्ही म्हणणार नाही. पण चारही घरांचे काम पुन्हा सुरू झाले आहे, आणि बादली कशी उचलायची हे त्या आता शेजारणींना दाखवतात.