सगळ्यात कमी भाव

अगं, काल रात्री तुझा मेसेज वाचला. बचत गटाच्या मसाल्यासाठी चार दुकानांचे भाव शीटमध्ये भरलेस आणि आता एकेका जिन्नसाचा कमीत कमी भाव डोळ्यांनी शोधत बसली आहेस. तसं नको करूस गं. डोळे थकले की नेमकी हवी ती ओळ सुटते.

मिनइफ्स नावाचा फॉर्म्युला आहे. त्याला आधी भावांचा कॉलम दाखवायचा, मग नावांचा, आणि शेवटी कोणता जिन्नस हवा ते सांगायचं. बाजूला धने, बेडगी, लवंग, दगडफूल अशी नावं एकाखाली एक लिही, शेजारी फॉर्म्युला टाक आणि खाली ओढ. ओढण्याआधी दोन्ही कॉलमच्या रेंजना डॉलरचं चिन्ह लाव. नाहीतर रेंज एकेक ओळ खाली घसरते, वरचे भाव सुटतात, आणि उत्तर येतच असल्यामुळे चूक कळतही नाही. एक्सेल २०१९ च्या आधीचं असेल तर हा फॉर्म्युला मिळणार नाही. मग गूगल शीट्समध्ये कर.

पण मला खरी काळजी आहे ती नावांची. एका ओळीत ‘बेडगी’, दुसरीत ‘ब्याडगी’, तिसरीत ‘बेडगी’च, पण मागे एक स्पेस राहिलेली. आपल्या लेखी मिरची एकच, शीटच्या लेखी तीन. गेल्या दिवाळीत माझं हेच झालं. सगळ्यात स्वस्त भाव ‘ब्याडगी’च्या ओळीत बसला होता आणि मी किलोमागे ४० रुपये जास्त देऊन २५ किलो मिरची उचलली. हजार रुपये गेले, तेही बारा जणींच्या कष्टाचे. अजून सलतं ते. म्हणून नावं हाताने टाइप करूच नकोस, ड्रॉपडाउन करून घे.

उत्तर शून्य आलं तर खूश होऊ नकोस. ते नाव शीटला सापडलंच नाही, असं समज आणि स्पेलिंग बघ. भावाच्या चौकटीत ‘२१० रु.’ असं लिहिलंस तर तो आकडा राहत नाही, मजकूर होतो आणि मोजणीतून वगळला जातो. ‘रु.’ काढून टाक.

आणि लवंगेचा भाव कुणी शंभर ग्रॅमचा दिलाय का, तेवढं आजच विचारून घे. बाकीच्यांचा किलोचा असेल, तर तोच सगळ्यात स्वस्त म्हणून वर येईल. शीट मला पाठव, रविवारी दुपारी फोनवर दोघी मिळून बघू.