हातावरचा ज्ञानकोश आणि त्याचा कळफलक



आपल्या शाळेत एक टॅब आहे. पाटीएवढाच, पण त्याला छोटा कळफलक जोडलेला आहे. त्यात मेमरी कार्डावर मराठी विकिपीडिया हा ज्ञानकोश उतरवून ठेवला आहे. रेंज असो वा नसो, तो उघडतो. मधल्या सुट्टीत त्याच्याभोवती गर्दी होते, पण बरेच जण दोन मिनिटांत उठतात आणि म्हणतात, "यात काहीच सापडत नाही." मीही तसंच म्हणत होते. त्यातून माझ्याकडून एक मोठी चूक झाली. ती चूक आणि त्यातून मी काय शिकले ते या लेखात लिहिते.

ज्ञानकोश म्हणजे काय?

शब्दकोशात शब्दाचा अर्थ मिळतो, तर ज्ञानकोशात त्या वस्तूची माहिती मिळते. शब्दकोशात 'भीमा' पाहिले तर 'एक नदी' एवढेच कळेल. ज्ञानकोशात ती भीमाशंकरला उगम पावते व पुढे कृष्णेला मिळते, हेही कळेल.

मराठीत डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी २३ खंडांचा 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' तयार केला. पुढे सातारा जिल्ह्यातील वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली 'मराठी विश्वकोश' सुरू झाला. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्याचे २० खंड आहेत. एकावर एक ठेवले तर ते सगळे एका मुलाला उचलायचे नाहीत! आता तो विश्वकोश इंटरनेटवरही वाचता येतो. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. तो पहिल्यापासूनच संगणकावरचा आहे.

पुस्तकांचं ओझं हातात मावेल असं यंत्र करावं, हा प्रयत्न परदेशातही झाला. २००९ साली 'विकिरीडर' नावाचे तळहाताएवढे यंत्र निघाले होते. त्यात इंग्रजी विकिपीडियाचा मजकूर भरलेला असे व ते दोन बारीक पेन्सिल सेलवर चाले. त्याला तीनच बटणे होती. एक शोधायचे, दुसरे आधी वाचलेली पाने दाखवायचे आणि तिसरे कोणतेही एक पान उघडायचे. ते यंत्र आता बनत नाही, पण त्याची तिन्ही कामे आपल्या टॅबवरच्या 'किविक्स' या ॲपमध्ये आहेत. शिवाय आवडलेल्या पानावर खूण ठेवता येते.

माझी चूक

आमची वस्ती उसाच्या कडेला आहे. एका संध्याकाळी पाचटाच्या ढिगाशेजारी साप दिसला. जाडजूड, तपकिरी, अंगावर गोल गोल नक्षी. माझा धाकटा भाऊ ओरडला, "अजगराचं पिल्लू! पिशवीत घालून शाळेत नेऊ." आजोबांनी बॅटरीचा उजेड टाकला आणि त्याचा दंड धरून त्याला मागे ओढलं. "माघारी फिरा. घोनस हाय ती." तेवढ्यात साप कुकरची शिट्टी सुटावी तसा फुत्कारला आणि उसात शिरला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत टॅब उघडला आणि शोधायच्या चौकटीत 'घोनस' असं लिहिलं. एकही नोंद आली नाही. मग 'अजगर' लिहिलं, तर लगेच पान उघडलं. मी घरी जाऊन ऐटीत सांगितलं, "आजोबा, घोनस नावाचा साप ज्ञानकोशात नाहीच."

आजोबा म्हणाले, "नसंल. पर बांधावर हाय."

आम्ही हसलो. भावाला मात्र माझंच खरं वाटलं. ज्ञानकोशात अजगर आहे, घोनस नाही, म्हणजे तो अजगरच! तिसऱ्या दिवशी तो गोणपाट आणि काठी घेऊन त्या ढिगाकडे निघाला. आई वैरण आणायला गेली होती म्हणून तिनं त्याला वाटेतच पाहिलं आणि परत आणलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

सकाळी मी गुरुजींना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "तू काय शोधलंस ते पाटीवर लिहून दाखव." मी लिहिलं. गुरुजींनी 'न' पुसला आणि 'ण' लिहिला. म्हणाले, "आता हे शोध."

'घोणस' हे पान उघडलं.

गुरुजी म्हणाले, "आजोबांची बोली चुकीची नाही. आपल्याकडे पानी, लोनी, घोनस असंच बोलतात आणि ऐकणाऱ्याला ते बरोबर समजतं. पण यंत्राला कान नाहीत. त्याला फक्त तू दाबलेली कळ कळते. तुझ्या आजोबांचं ज्ञान बरोबर होतं, तुझी कळ चुकली."

कळफलकाची ओळख

आपल्या कळफलकावर इंग्रजी अक्षरे छापलेली आहेत, पण मराठी लिहिताना त्यांच्याकडे पाहायचे नाही. मराठीची मांडणी 'इन्स्क्रिप्ट' या नावाची आहे. ती सरकारने भारतीय भाषांसाठी १९८६ साली ठरवली. तिच्यात एक शिस्त आहे. ती समजली की पाठांतर फारसे लागत नाही.

१. डाव्या हाताला स्वर व मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने.

२. नुसती कळ दाबली की मात्रा उमटते. शिफ्ट धरून तीच कळ दाबली की पूर्ण स्वर उमटतो. उदाहरणार्थ, ई या इंग्रजी अक्षराच्या कळीवर काना आहे आणि शिफ्टसह 'आ'.

३. क आणि ख एकाच कळीवर आहेत. नुसती दाबली तर क, शिफ्टसह ख. तसेच ग-घ, च-छ, ज-झ, ट-ठ, त-थ, द-ध, प-फ, ब-भ. म्हणजे जे अक्षर जोर देऊन म्हणायचे, ते जोर देऊन, शिफ्ट धरून काढायचे! मी हे असेच लक्षात ठेवले.

४. काही जोड्या निराळ्या आहेत. ल च्या कळीवर शिफ्टसह ळ, स च्या कळीवर शिफ्टसह श. आणि म च्या कळीवर शिफ्टसह ण. हा ण नीट ध्यानात ठेवा, बरे का! तो न च्या कळीवर नाही. मी तिथेच शोधत बसले होते.

५. पाय मोडायची कळ डी या इंग्रजी अक्षरावर आहे. जोडाक्षर करायचे तर पहिले अक्षर, मग पाय मोडायची कळ, मग दुसरे अक्षर. 'क्षेत्र' हा शब्द असा होतो: क, पायमोड, ष, एक मात्रा, त, पायमोड, र. सात वेळा कळ दाबावी लागते.

६. पहिली वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, पण दाबायची अक्षरानंतर. 'विहीर' लिहिताना आधी व, मग वेलांटी.

७. रफार दिसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, पण दाबायचा त्याच्या आधी. 'सर्प' म्हणजे स, र, पायमोड, प. थोडक्यात, डोळ्यांना दिसतं त्या क्रमानं लिहायचं नाही, तोंडानं उच्चारतो त्या क्रमानं लिहायचं.

इतर कळा

बॅकस्पेस: ही मागचे पुसते. ती बहुधा पूर्ण अक्षर न पुसता शेवटची एकच खूण पुसते. 'क्षे' वर एकदा दाबली तर मात्रा जाते, 'क्ष' राहते. म्हणून घाईने धडाधड दाबू नये.

स्पेस: ही दोन शब्दांत जागा सोडते. आपल्या गावाचे नाव 'मांडवगण फराटा' असे दोन शब्दांत लिहावे. श्रीगोंदा तालुक्यातही एक मांडवगण आहे, त्यामुळे नुसते 'मांडवगण' लिहून भलतेच गाव वाचायला मिळेल.

एंटर: ही शोध सुरू करते. पण त्याआधी थांबून खाली पाहा. दोन-तीन अक्षरे लिहिली की त्यांनी सुरू होणाऱ्या नोंदींची यादी येते. आपल्याला हवा तो शब्द कित्येकदा तिथेच दिसतो.

कंट्रोल व एफ: संगणकावर या दोन्ही कळा एकदम दाबल्या की उघडलेल्या पानातला एखादा शब्द शोधता येतो. लांबलचक पानात हे फार उपयोगी पडते.

घोणशीबद्दल काय कळले?

घोणस, नाग, मण्यार आणि फुरसे हे आपल्या देशातले चार मोठे विषारी साप आहेत. घोणशीचे डोके त्रिकोणी आणि अंग जाड असते. पाठीवर गडद तपकिरी ठिपक्यांच्या तीन रांगा साखळीसारख्या असतात. अजगराच्या अंगावरचे डाग मात्र वेडेवाकडे असतात. घोणस मोठ्याने फुत्कारते. अजगर अंडी घालतो, घोणस पिल्लांना जन्म देते. तिच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. लांबून पाहताना लहान अजगर आणि घोणस यांत अनेकांची फसगत होते. म्हणून ओळख पटो वा न पटो, हात लावायचा नाही.

साप चावला तर कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. चावलेला भाग फार हलवू न देता माणसाला धीर द्यावा, १०८ क्रमांकावर फोन करावा व ताबडतोब दवाखान्यात न्यावे. सापाच्या विषावर प्रतिविषाचे इंजेक्शन हाच उपाय आहे. ज्ञानकोश वाचत बसण्याची ती वेळ नव्हे. तो आधी वाचून ठेवायचा असतो.

"सापडत नाही" म्हणण्यापूर्वी

गुरुजींच्या मदतीने मी पाच प्रश्न तयार केले आहेत. नोंद सापडली नाही तर ते स्वतःला विचारावेत.

१. न आणि ण, ल आणि ळ, स आणि श यांत अदलाबदल झाली का?

२. वेलांटी किंवा उकार ऱ्हस्व-दीर्घ चुकला का? 'पाउस' शोधून 'पाऊस' मिळेलच असे नाही.

३. त्या वस्तूला दुसरे नाव आहे का? एकच प्राणी कोणी बिबट्या म्हणतो, कोणी बिबळ्या.

४. नाव बदलले आहे का? मेमरी कार्डावरची माहिती ज्या दिवशी उतरवली त्या दिवसापर्यंतचीच असते. अहमदनगरचे अहिल्यानगर २०२४ साली झाले, म्हणून जुन्या प्रतीत जुन्या नावानेही शोधावे.

५. गावातल्या जाणत्या माणसाला विचारले का?

एवढे करूनही नोंद नसेल, तर 'या कोशात नाही' एवढेच म्हणावे. 'अशी वस्तूच नाही' असे म्हणू नये.

आणि सापडले तरी सगळेच डोळे मिटून खरे मानू नये. विकिपीडियात कोणीही लिहू शकतो, त्यामुळे चूक राहू शकते. विश्वकोश जाणकारांनी लिहिला आहे, पण जुन्या खंडांतले आकडे त्या त्या काळचे आहेत. १९६० साली महाराष्ट्रात २६ जिल्हे होते, आता ३६ आहेत. म्हणून दोन ठिकाणी पाहून ताडा जुळवावा.

करून पाहा

खालचे शब्द आपण बोलतो तसे लिहिले आहेत. ते आधी वहीत प्रमाण मराठीत लिहा, मग टॅबवर शोधा: मन्यार, इंचू, हरिन, लोनी, पानी. 'मण्यार' हा शब्द सहा कळांत होतो. तुम्हाला किती लागल्या ते मोजा.

पालकांना विनंती आहे की, तुम्हाला माहीत असलेली पिकांची, झाडांची, पाखरांची, सापांची नावे आम्हाला सांगा. तुम्ही म्हणता तशीच सांगा. ती शोधून लिहिण्याचे काम आमचे.

त्या दिवशी मी घरी जाऊन घोणशीची सगळी माहिती मोठ्याने वाचून दाखवली. मी ती वहीत उतरवून नेली होती. भाऊ गप्प बसून ऐकत होता. आजोबांनी विचारलं, "मंग आता आली व्हय तुझ्या पुस्तकात घोनस?"

मी म्हणाले, "आजोबा, ती आधीपासूनच होती. मीच दुसऱ्या दारावर थाप मारत होते."