जाता जाता मारलेले प्यादे

देशी बुद्धिबळात प्यादे बहुधा पहिल्या चालीसही एकच घर सरके. पाश्चात्त्य पद्धतीत त्यास पहिल्या खेपेस दोन घरे जाण्याची मुभा आहे. तिचा लाभ घेऊन ते शत्रूच्या प्याद्याच्या माऱ्यातून निसटू नये, म्हणून एक खास नियम केलेला आहे. दोन घरे चालून ते शत्रूच्या प्याद्याच्या बगलेस थांबले, तर ते एकच घर चालले असे समजून त्यास मारता येते. मात्र लगेच पुढच्याच चालीत. फ्रेंच भाषेत यास 'आं पासां', म्हणजे 'जाता जाता', म्हणतात.

संगणकासाठी खेळाची आज्ञावली लिहिताना हा नियम मोठा त्रास देतो. प्यादे आत्ताच आले की दहा चालींपूर्वी, हे नुसत्या पटावरून कळत नाही. म्हणून ओलांडलेल्या घराची नोंद ठेवावी लागते व पुढच्या चालीनंतर ती पुसावी लागते. शिवाय एरवी मारणारा मोहरा मेलेल्याच्याच घरात बसतो; येथे मारणारा एका घरात आणि मेलेला दुसऱ्याच! चाल मागे घेताना मेलेले प्यादे नेमके त्याच्याच घरी परत ठेवावे लागते.

खरी मेख पुढेच आहे. आपण पट मांडून पाहू. पाचव्या ओळीत डाव्या टोकास पांढरा राजा, शेजारी त्याचे प्यादे आणि उजव्या टोकास काळा हत्ती. काळ्याचे प्यादे सातव्या ओळीतून दोन घरे चालून पांढऱ्या प्याद्याजवळ आले. आता राजा व हत्ती यांमध्ये दोन प्यादी आहेत. एक हलले तरी दुसरे आड आहेच, असे आज्ञावली समजते. परंतु या माऱ्यात दोन्ही एकदम ओळीबाहेर जातात आणि राजा हत्तीच्या तोंडी पडतो! अर्थात ही चाल नियमबाह्य होय. आमच्या मते मारा प्रत्यक्ष करून राजास शह बसतो का, हे पाहणेच उत्तम.

परीक्षेसाठी आरंभीच्या मांडणीपासून दोन्ही बाजूंच्या मिळून होणाऱ्या सर्व चाली मोजतात. चार चालींचे प्रकार १,९७,२८१. त्यांत असा मारा एकही नाही, तेव्हा नियम विसरलेली आज्ञावलीही येथे उत्तीर्ण होते. पाच चालींचे प्रकार ४८,६५,६०९. त्यांपैकी २५८ या माऱ्याचे. उत्तर ४८,६५,३५१ आले, तर काय राहून गेले हे वाचकांनीच ओळखावे.